बाबांची मूठ किती ग्रॅमची?

सातवा पट्टा हंड्यातून काढला, दोघांनी दोन टोकांना धरून पिळला, तारेवर टाकला आणि रंगारी भट्टीजवळ खाली बसला. धाकट्या मुलीला वाटलं, बाबा दमले असतील. पण बसलेला माणूस हळूहळू उजव्या बाजूला कलायला लागला, तसं तिने हातातली काठी टाकली आणि धावली. त्याच्या तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता. तो काहीतरी सांगत होता, पण शब्द फुटत नव्हते.

अर्धांगवायूचा झटका होता. दोन आठवडे इस्पितळात काढून तो घरी आला तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवला तर मांडीवर आणि बाजूला ठेवला तर बाजूला, असा झाला होता. चाकांच्या खुर्चीतून फिरावं लागे. समोरच्याचं बोलणं त्याला सगळं कळायचं, तोंडातून मात्र एकच शब्द यायचा, "पुरे." पाणी हवं असलं तरी पुरे, नको असलं तरी पुरे, राग आला तरी पुरे. आई पहिले दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली, एकदा म्हणून पुरे म्हणाले नाहीत. आता सगळी कसर भरून काढतायत." हे ऐकून रंगारी अर्ध्या तोंडाने हसला, तेव्हा कुठे घरातल्यांचा जीव भांड्यात पडला.

त्यांचं घर म्हणजे पुढे दोन खोल्या आणि मागे रंगकामाची पत्र्याची शेड. शेडमध्ये तांब्याचा मोठा हंडा, खाली भट्टी, बाजूला धुण्याचा हौद, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या सहा तारा. थोरली मुलगी, म्हणजे ताई, एका इस्पितळाच्या औषध विभागात कामाला होती आणि जवळच राहायची. धाकटीचं शाळेत गणिताशी कधी जमलं नाही. दशांश चिन्ह दिसलं की तिला ते माशी बसल्यासारखं वाटायचं, झटकून टाकावंसं. सतराव्या वर्षी ती शेडमध्ये आली. आता बत्तिसावं चालू होतं. पंधरा वर्षांत कापड भिजवणं, हंड्यात ढवळणं, धुणं, पिळणं, वाळवणं हे सगळं तिच्या हातचा मळ झालं होतं. रंगाच्या डब्यात मात्र तिने कधी हात घातला नव्हता. ते काम बाबांचं. ते डब्यात हात घालायचे, मूठ बाहेर काढायचे, एकदा वरखाली करून बघायचे आणि भिजवायच्या भांड्यात सोडायचे. एकदा तिने विचारलं होतं, "बाबा, किती घेता?"

"हाताला येईल तेवढा."

"माझ्या हाताला किती यायला हवा?"

"तुझी मूठ लहान आहे," एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं होतं.

आता तारांवर सात डाळिंबी पट्टे लोंबत होते आणि पाच पांढरेच राहिले होते. हे सगळं एका जुन्या नाट्यगृहाच्या मुख्य पडद्याचं काम. पडदा बारा लांब पट्टे जोडून शिवायचा होता, आणि दुरुस्तीसाठी वर्षभर बंद असलेलं नाट्यगृह सोळा दिवसांत उघडणार होतं.

नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाई रंगाऱ्याला भेटायला आल्या. त्या चांगल्या होत्या, खुर्चीजवळ बसून त्याच्या तब्येतीची विचारपूस केली. मग धाकटीबरोबर शेडमध्ये गेल्या आणि पट्ट्यांवरून हात फिरवत उभ्या राहिल्या.

"काय रंग आलाय," त्या म्हणाल्या. "वाईट वाटतं मला. पण आता कारखान्यात द्यावं लागेल. ते म्हणतात, दुसऱ्याच्या रंगाशी जुळवायची हमी नाही. बाराही पट्टे नव्या कापडाचे करणार."

"मग या सातांचं काय?"

"आतल्या बाजूला कुठेतरी वापरू. धूळपुसणी तर होणार नाहीत."

धूळपुसणी हा शब्द बाईंनी सहज वापरला असेल, पण तो धाकटीच्या मनात काट्यासारखा रुतला. बाबांनी हातात घेतलेलं ते शेवटचं काम होतं. कदाचित खरोखरच शेवटचं.

"उरलेले पाच मी करते," ती म्हणाली.

"तुम्हाला त्यांचं प्रमाण माहीत आहे?"

"नाही. शोधते."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "पाच दिवसांत नमुना दाखवा. या सातांच्या शेजारी धरला आणि मला फरक दिसला नाही, तर काम तुमचं. दिसला, तर मला वाईट वाटून चालणार नाही."

"कबूल."

बाई गेल्या आणि धाकटी भानावर आली. आपण काय बोलून बसलो हे तिला आता कळत होतं. मग तिने ओढणी कमरेला खोचली.

पहिलं काम कापायचं. पहिल्या ताग्यातून सात पट्टे निघाले होते आणि दोन मीटरभर कापड उरलं होतं. उरलेले पाच दुसऱ्या ताग्यातून काढायचे होते. बाबा पंधरा हात मोजून कापायचे हे तिने पंधरा वर्षं पाहिलं होतं, म्हणून तीही कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात टेकवत मोजायला लागली. आईने दुसरं टोक धरलं होतं. पंधरा झाले, धाकटीने खडूची रेघ मारली आणि कात्री उचलली.

"थांब," आई म्हणाली. "तुझा हात ह्यांच्या हाताएवढा आहे का?"

धाकटीची कात्री तशीच हवेत राहिली. दोघींनी कापडाचं टोक तारेवरच्या पट्ट्याशेजारी लावून पाहिलं. खडूची रेघ गुडघ्याच्याही वर येत होती.

"एवढा आखूड पडदा झाला असता तर नटांचे नुसते पाय दिसले असते," आई म्हणाली. "आधी पाय बघा, मग तोंड."

हसू आलं खरं, पण धाकटीच्या अंगावर काटाही आला. पाच पट्टे वाया गेले असते आणि ते तिच्या हातानेच. ती आईचा शिवणकामाचा टेप घेऊन आली. बाबांचा पट्टा बरोब्बर सात मीटर भरला. म्हणजे त्यांचा एक हात सत्तेचाळीस सेंटिमीटरच्या जरा आत. तिचा बेचाळीस. फरक पाच सेंटिमीटरचा, म्हणजे दोन बोटांचा. पण पंधरा वेळा मोजला की दोन बोटांचे सत्तर सेंटिमीटर होतात.

"आता हाताने काही मोजायचं नाही," ती म्हणाली, आणि पाचही पट्टे टेप लावून सात-सात मीटरचे कापले.

ताई दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर आली. पाच किलोपर्यंत वजन करणारा आणि एकेक ग्रॅम दाखवणारा काटा तिने मैत्रिणीकडून पंधरवड्यासाठी मागून आणला होता, आणि एक काचेचं उंच मोजपात्र, ज्याच्यावर मिलिलिटरच्या रेघा होत्या. रंगारी खुर्चीत बसून हे सगळं बघत होता. काटा टेबलावर ठेवला तसं त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पुरे," तो म्हणाला. या वेळी अर्थ कोणाला विचारावा लागला नाही. काटा दुकानदाराला लागतो, रंगाऱ्याला नाही, हे तो उभ्या आयुष्यात शंभर वेळा बोलला होता.

"बाबा, तुमचा हात मोजायचाय, तुम्हाला नाही," धाकटी म्हणाली.

तिने एका परातीत मीठ आणलं. बाबांचा उजवा हात उचलून तळव्यावर मीठ ओतलं आणि त्यांची बोटं एकेक करून मिटली. बोटांच्या फटींतून मीठ गळून गेलं. काट्यावर बत्तीस ग्रॅम. पुन्हा केलं, एकेचाळीस. मग डावा हात पुढे केला. त्याने एकदा एकाहत्तर घेतले, एकदा साठ, आणि तिसऱ्या वेळी मूठ उघडून मीठ जमिनीवर टाकलं आणि डोळे मिटून घेतले. डोळ्यांच्या कडेला पाणी होतं.

धाकटीने परात उचलली. "चुकलं माझं," ती त्याच्या कानाजवळ जाऊन म्हणाली. "परत नाही करणार."

ताई म्हणाली, "सोड ना. त्या मुठीत किती मावत होतं हे आता देवालाच माहीत."

धाकटी शेडमध्ये गेली आणि डब्यांसमोर उकिडवी बसली. लाल रंगाचा एक डबा, निळ्याचा एक. बाबा प्रत्येक पट्ट्याला एक मूठ लाल घ्यायचे आणि वर दोन-तीन बोटांत येईल तेवढा निळा. दोन्ही डब्यांचं सील याच कामासाठी तिनेच सुरीने कापलं होतं. तिने डबा फिरवून लेबल वाचलं. निव्वळ वजन दोन किलो.

"ताई!" ती ओरडली. "मूठ कशाला हवी? डबा सांगेल की! दोन किलो होता. आता जेवढा आहे तेवढा वजा केला की सात पट्ट्यांना किती गेला ते कळलं!"

ताईने कपाळावर हात मारला. "आणि गणितात नापास तू झालेलीस!"

डबा काट्यावर ठेवला. एक किलो पाचशे ब्याण्णव. धाकटीने कागदावर वजाबाकी केली, मग जीभ दातांत धरून भागाकार केला. एका पट्ट्याला अठ्ठावन्न ग्रॅम.

"डबापण हंड्यात टाकणार का?" ताईने विचारलं.

"म्हणजे?"

"पत्र्याचं वजन कोण वजा करणार? निव्वळ म्हणजे नुसता रंग."

धाकटी स्वतःवरच वैतागली. रंग जाड कागदावर ओतून रिकामा डबा तोलला, एकशे ऐंशी ग्रॅम. म्हणजे रंग उरला एक किलो चारशे बारा. गेला पाचशे अठ्ठ्याऐंशी. सातने भागला तर चौऱ्याऐंशी, वर काही उरलं नाही. निळ्याचंही तसंच केलं. अठ्ठ्याण्णव ग्रॅम गेला होता, म्हणजे पट्ट्याला चौदा.

तिने तो आकडा तीनदा तपासला. चौऱ्याऐंशी. पंधरा वर्षं ती ज्या मुठीकडे बघत आली होती ती मूठ चौऱ्याऐंशी ग्रॅमची होती.

पाणी सोपं गेलं. बाबा बादली तिच्या पोटाला आलेल्या पोच्यापर्यंत भरायचे आणि साडेचार बादल्या हंड्यात ओतायचे. ताईच्या मोजपात्राने एक लिटरच्या बाटलीवर खूण केली आणि बाटली-बाटलीने बादली भरली. पोच्यापर्यंत चौदा लिटर, म्हणजे सगळं मिळून त्रेसष्ट. शेवटी राहिलं मीठ. रंग कापडात मुरावा म्हणून हंड्यात मीठ घालतात, आणि बाबा ते पत्र्याच्या मगने सपाट भरून एक मग घालायचे. मगात पाणी भरून मोजलं तर पाचशे मिलिलिटर आलं. धाकटीने लिहिलं : मीठ, पाचशे ग्रॅम.

"कसे काय ग्रॅम?" ताई म्हणाली. "मिलिलिटर म्हणजे वस्तूने अडवलेली जागा. ग्रॅम म्हणजे वस्तूचं वजन. मगभर कापूस आणि मगभर वाळू सारखीच का?"

"पण पाण्याचं तर तेवढंच भरतं. लिटरला किलो."

"पाण्याचं भरतं. मीठ म्हणजे पाणी नाही."

मीठ काट्यावर ठेवलं, तर सहाशे तीस ग्रॅम. धाकटीने पाचशे खोडलं. खोडताना तिने पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला.

दुसऱ्या दिवशी तिने पहिल्या ताग्यातल्या उरलेल्या कापडातून एक मीटर कापला आणि सगळ्याचा सातवा हिस्सा घेतला. बारा ग्रॅम लाल, दोन ग्रॅम निळा, नऊ लिटर पाणी, नव्वद ग्रॅम मीठ. घरातल्या मोठ्या पातेल्यात उकळलं, पाऊण तास ढवळलं, धुतलं, वाळत टाकलं. ओल्या कापडावर रंग नेहमीच गडद दिसतो, म्हणून संध्याकाळपर्यंत तिने त्याच्याकडे बघायचंही नाही असं ठरवलं, आणि तरी पाच वेळा जाऊन बघून आली.

कापड वाळलं. सातव्या पट्ट्याशेजारी धरलं. आईने पाहिलं, ताईने पाहिलं. एकोणीस-वीसचाही फरक नव्हता.

व्यवस्थापक बाईंनी कापड दारात नेऊन उजेडात धरलं, आत आणून दिव्याखाली धरलं. "शितावरून भाताची परीक्षा करायची म्हणतात," त्या म्हणाल्या. "केली. काम तुमचं."

धाकटीने शेडच्या दारावर खडूने लिहून टाकलं : मीटरला बारा ग्रॅम लाल, दोन ग्रॅम निळा. अक्षर चांगलं हातभर मोठं काढलं.

आणि आठव्या पट्ट्याने तिला तोंडावर आपटलं.

सात मीटर कापड, चौऱ्याऐंशी ग्रॅम, चौदा ग्रॅम, त्रेसष्ट लिटर, सहाशे तीस ग्रॅम. एकही आकडा चुकला नव्हता. उकळीला लागलेला वेळही तिने घड्याळ लावून पाहिला होता. तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी वाळलेला पट्टा बाकीच्यांशेजारी उभा केला तर तो फिका होता. फार नाही, पण आंधळ्यालाही कळेल इतका. सात भाऊ डाळिंबी आणि आठवा नुकताच आजारातून उठल्यासारखा.

ताईचा फोन आला. धाकटी म्हणाली, "फसलं."

"काटा बिघडला असेल."

"तू दिलेल्या पाव किलोच्या औषधाच्या पाकिटाने तपासला. बरोबर आहे."

"मग पाणी? मीठ?"

"सगळं दोनदा मोजलंय." तिचा आवाज चढला. "मीटर तेवढेच, रंग तेवढाच! मग रंग गेला कुठे?"

ताई म्हणाली, "बाईंना सांगू या का? अजून वेळ आहे, त्या कारखान्यात देतील."

"नाही," धाकटी म्हणाली. "कुठे गेला ते कळल्याशिवाय नाही."

तिने दुपारभर सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. रंगाचा डबा परत तोलला. बादलीचा पोचा परत मोजला. भट्टीचा जाळ बघितला. आई जेवायला बोलवून बोलवून थकली आणि शेवटी ताट शेडमध्येच आणून ठेवलं. ते तिथेच गार झालं.

चार वाजता खुर्चीची चाकं वाजली. आईने रंगाऱ्याला शेडच्या उंबऱ्यापर्यंत आणलं होतं. आजारपणानंतर तो पहिल्यांदाच शेडमध्ये येत होता. त्याने फिका पट्टा पाहिला. दारावरचं खडूचं अक्षर पाहिलं. मग डाव्या हाताने आईला खूण केली, आत ने.

धाकटीला लाज वाटली. "बाबा, मी नीट मोजलं होतं," ती म्हणाली. "खरंच."

"पुरे," तो म्हणाला. मऊ आवाजात.

त्याने कपाटाकडे बोट केलं. कपाटात पहिल्या ताग्यातला उरलेला एक मीटर पांढरा तुकडा होता. धाकटीने तो दिला. मग त्याने पांढऱ्या पट्ट्यांच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. तिने नववा पट्टा आणला. त्याने मान डोलावली आणि हाताची कड पट्ट्यावर आडवी टेकवली.

"कापू? पट्टा कापू?"

तो जोरजोरात नकारार्थी मान हलवायला लागला. आईला कळलं. "घडी घाल गं. तेवढ्याच आकाराची."

धाकटीने पट्ट्याच्या मीटर-मीटरच्या सात घड्या घातल्या. पण एक तुकडा आणि सात घड्या यांची तुलना कशी करणार? रंगाऱ्याने डाव्या हाताच्या चिमटीत पट्ट्याचा एकच पदर धरला, तिची बोटं ओढून त्यावर ठेवली आणि चोळली. मग तुकड्याचा पदर दिला, चोळला. पुन्हा पट्ट्याचा. पुन्हा तुकड्याचा.

पट्ट्याचं कापड जाड होतं.

अगदी थोडंसं. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच पांढरी, सारख्याच विणीची. पण बोटांना कळत होतं. मग त्याने तुकडा डाव्या तळहातावर घेतला आणि हात वरखाली केला, अगदी तसाच, जसा तो मूठ डब्यातून काढल्यावर करायचा. नंतर तिच्याकडे बघत, नसलेल्या रंगाची मूठ वळली. आधी सैल. मग पट्ट्यावर हात ठेवला आणि तीच मूठ भरगच्च वळली.

"तुम्ही कापड उचलून बघायचात," धाकटी हळूच म्हणाली. "आधी कापड उचलायचात, मग मूठ. पंधरा हात फक्त कापायला होते. रंग लांबीवर घेतच नव्हतात तुम्ही!"

रंगारी इतका जोरात हसला की आईने त्याचा खांदा धरला.

धाकटी काट्याकडे धावली. पहिल्या ताग्याचा एक मीटर चारशे पन्नास ग्रॅम. दुसऱ्या ताग्याचा सात मीटरचा पट्टा तीन किलो सातशे ऐंशी. सातने भागला तर मीटरला पाचशे चाळीस. नव्वद ग्रॅम जास्त! मीटर तेवढाच, पण त्या मीटरात सूत जास्त. रंग कापडाच्या लांबीला थोडाच चढतो, तो सुताला चढतो. तेवढाच रंग जास्त सुतात वाटला गेला तर प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येणार. तिने ज्या शितावरून परीक्षा केली होती, ते शीत दुसऱ्याच भाताचं होतं.

ती ओल्या फडक्याने दारावरची ओळ पुसायला लागली, आणि पुसता पुसता तिचं डोकं हिशेब करत होतं. चारशे पन्नासला नव्वद म्हणजे पाचवा हिस्सा. मग सगळंच पाचव्या हिश्शाने वाढवायचं. चौऱ्याऐंशीचा पाचवा हिस्सा सोळा दशांश आठ. दशांश चिन्ह आलं होतं, आणि ती ते झटकायच्या भानगडीत पडली नाही. चौऱ्याऐंशी अधिक सतरा, एकशे एक ग्रॅम लाल. सतरा ग्रॅम निळा. पाणी पंचाहत्तर लिटर आणि वर सहाशे मिलिलिटर. मीठ सातशे छप्पन्न. दारावर तिने नवी ओळ लिहिली : कापडाच्या किलोला पावणेसत्तावीस ग्रॅम लाल, किंचित कमी.

"किंचित कमी म्हणजे किती?" आईने विचारलं.

धाकटीने ओठ चावला, कागदावर भागाकार केला आणि ते पुसून नेमका आकडाच लिहिला, सव्वीस दशांश सदुसष्ट.

आठव्या पट्ट्याला तिने राहिलेला रंग वरून दिला, सतरा ग्रॅम लाल आणि तीन निळा, आणि परत उकळला. तो सुधारला, पण जरासा जांभळटच राहिला. लाल मुरायच्या आधी निळ्याने जागा धरली असावी. नववा मात्र पहिल्यापासून नीट पडला. कापड आधी तोललं, मग रंग, मग पाणी, मग मीठ. बाबा उंबऱ्याजवळ खुर्चीत बसून असायचे. काट्यावर आकडा आला की ती मोठ्याने वाचायची आणि त्यांच्याकडे बघायची. दहाव्या पट्ट्याला त्यांनी भुवया उंचावल्या. तिने काटा पुन्हा पाहिला, तर कागद न वजा करताच रंग घेतला होता, चार ग्रॅम कमी पडले असते. अकराव्याला आणि बाराव्याला ते नुसते बघत बसले.

पाच दिवसांत पाच पट्टे झाले. नाट्यगृहाच्या शिंप्याने दोन दिवसांत पडदा शिवला, आणि उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी बाईंनी सगळ्यांना बोलावलं.

रिकाम्या प्रेक्षागृहात नव्या लाकडाचा वास येत होता. चाकांची खुर्ची पहिल्या रांगेच्या पुढे थांबवली. दोन कामगारांनी दोर ओढला आणि पडदा दोन्हीकडून सरकत मध्ये येऊन मिळाला. सात मीटर उंच, वरपासून खालपर्यंत डाळिंबी. खाली जमिनीला बरोब्बर टेकलेला. कुणाचे पाय दिसणार नव्हते.

बाई हातात दिवा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या.

"यातले तुमचे कुठले आणि त्यांचे कुठले?" त्यांनी शेवटी विचारलं.

धाकटीने बाबांकडे पाहिलं. रंगाऱ्याने डावा हात उचलला आणि अगदी कडेच्या, भिंतीजवळच्या घडीकडे बोट केलं. बाईंनी तिथे जाऊन दिवा धरला, डोळे बारीक केले.

"मला काही दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"आहे," धाकटी म्हणाली. "तो आठवा. त्याला रंग दोनदा दिलाय. म्हणून मीच शिंप्याला कडेला लावायला सांगितला." मग बाबांकडे वळून म्हणाली, "बाकीचे चार?"

रंगारी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. डोळे डावीकडून उजवीकडे गेले, परत आले, एका जागी थांबले, पुढे सरकले. मग त्याने नकारार्थी मान हलवली. त्याला सापडले नव्हते.

आईने पदराने डोळे पुसले. ताईने धाकटीच्या पाठीत एक धपाटा घातला, तोही चांगला किलोभराचा.

"विंगांचे लहान पडदेही जुने झालेत," बाई म्हणाल्या. "आठवड्याने त्यांचं कापड पाठवू? याच रंगात. साधारण चाळीस मीटर असेल."

"पाठवा," धाकटी म्हणाली. "कापड पातळ आहे की जाड?"

"ते मला नाही सांगता येणार."

"चालेल. मी तोलून बघेन."

कामगारांनी पडदा एकदा उघडून एकदा बंद करून पाहिला. दोर जरा अडकत होता, तो त्यांनी नीट केला. बाबांना पाचला हाताचे व्यायाम करायचे होते, म्हणून धाकटीने खुर्ची वळवली आणि सगळे घरी निघाले.